घामाचे साक्षीदार

सोलापूरच्या जिल्हा कचेरीबाहेर, भिंतीला लागून असलेल्या कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. पंचवीस वर्षे मी तेथे बसून लोकांची गाऱ्हाणी सरकारदरबारी जाण्यायोग्य भाषेत मांडत आलो आहे. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही, अर्जनवीस आहे, असा खुलासा पूर्वी मी करीत असे. आता करीत नाही. एवढ्या उन्हात प्रत्येकाला तेच सांगण्याचे त्राण उरत नाही.

माझ्या डाव्या हाताला एक स्टूल असे आणि त्यावर दिवसाचे चार-पाच तास एक गृहस्थ बसत. त्यांना सर्वजण सर म्हणत. तेही सर नव्हते. शहरातल्या एका हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत ते शिपाई होते. परीक्षानळ्या धुणे, स्पिरिटचे दिवे भरणे, बेडकांच्या बाटल्यांवरची धूळ पुसणे ही त्यांची कामे. शिक्षण आठवी. परंतु नोकरीच्या तीस वर्षांत दरवर्षी त्यांनी मोरीपाशी नळ्या धूत धूत एक धडा ऐकला होता : शरीर आपला आतला तोल कसे सांभाळते. शिक्षक बदलले, पुस्तके बदलली, धडा राहिला. तीस निरनिराळे धडे एकदा ऐकलेला मनुष्य निरुपद्रवी असतो. एकच धडा तीस वेळा ऐकलेल्या मनुष्यापासून सावध राहावे, असे अनुभवान्ती माझे मत झाले आहे.

मी स्वतः शालान्त परीक्षेत विज्ञानात दोनदा अनुत्तीर्ण झालो. भाषेत मात्र माझा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. हे मी येथे प्रौढी म्हणून नमूद करीत नाही. पुढील हकिगतीत त्याचा संबंध येतो म्हणून करतो.

सर प्रथम माझ्याकडे आले ते निवृत्त झाल्यावर, एक अर्ज लिहून घेण्यासाठी.

‘‘लिवा,’’ ते म्हणाले. ‘‘कचेरीच्या रांगेत उभं ऱ्हाणाऱ्यास दर तासाला पेलाभर पाणी व चिमूटभर मीठ देण्यात यावं.’’

‘‘मीठ?’’

‘‘घामातनं जातंय की वो मीठ. नुसतं पाणी ओतून कसं भागंल?’’

‘‘कलेक्टरसाहेबांकडे मिठावर अर्ज जात नाही.’’

‘‘मग कशावर जातो?’’

‘‘जमिनीवर जातो. रस्त्यावर, रेशनकार्डावर जातो.’’

‘‘आणि हे समदं वापरणारं कोण हाय? शरीरच न्हवं का?’’

अर्ज मी लिहिला. उत्तर आले नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तोच पुन्हा लिहवून घेतला. त्यानंतर ते अर्ज नसतानाही येऊन बसू लागले. खरे सांगायचे तर मला त्यांचा कंटाळा येई. पक्षकार माझ्यासमोर भावाने बांध कोरल्याचे रडगाणे सांगत असावा आणि शेजारून सरांनी त्याचा हात उलटा करून कातडी चिमटीत धरून बघावी, हे कोणत्या अर्जनवीसाला रुचेल? ‘‘कातडं लवकर खाली बसंना,’’ ते म्हणत. ‘‘पयलं पाणी पी. भाऊ काय पळून जात न्हाय.’’

नमस्काराऐवजी ते ‘‘सदतीस हाय का?’’ असे विचारीत. सदतीस म्हणजे अंगातल्या उष्णतेचे अंश. ‘‘भाईर त्रेचाळीस, साहेबाच्या एसीत बावीस, आत मातर कुटंबी जा, सदतीस. मधी काय हाय? कातडं. त्या कातड्यावर घाम. एवढ्यावर आपलं सोलापूर चाललंय.’’

मूत्रपिंडाविषयी त्यांना विशेष आदर होता. ‘‘साहेब, हे बघा. मूत्रपिंड समदा माल आधी भाईर काढतंय, आन् मग त्यातलं लागंल तेवढं माघारी घेतंय. ह्या कचेरीनं एकदा भाईर काढलेला माणूस कधी माघारी घेतलाय का?’’

मी म्हटले, कचेरीला नियम असतात.

‘‘त्यालाबी हायत. पण ते वाट बघत न्हाय, साहेब कवा येत्याल म्हणून.’’

त्यांच्या खिशात एक पुठ्ठा असे. त्यावर पिवळ्या सुताच्या आठ लडी ओळीने चिकटवलेल्या होत्या; पहिली जवळजवळ पांढरी, शेवटची गुळाच्या काकवीसारखी. हा पुठ्ठा ते भल्याभल्या वकिलांच्या नाकासमोर धरीत आणि आवाज किंचितही न उतरवता विचारीत, ‘‘आज लघवी कुठल्या नंबरावर?’’ एका ज्येष्ठ वकिलांनी संतापून त्यांना आवाराबाहेर काढण्याची धमकी दिली. सर म्हणाले, ‘‘काढा की. पण सांगून काढा. पाच का सहा?’’ वकीलसाहेब दोन पावले गेले, थांबले आणि मागे न वळता ‘‘सहा,’’ असे म्हणाले. सरांनी त्यांना माठातले दोन पेले पाणी पाजून मगच सोडले.

हा पुठ्ठा त्यांना करून दिला होता एका रंगाऱ्याने. शहराच्या कडेला टॉवेलचे सूत रंगवणारा एक कारखाना होता. त्यात हा उकळत्या टाकीपाशी उभा राहून लडी फिरवीत असे. तेलुगू भाषक विणकरांच्या घरातला, तिशी नुकती ओलांडलेला, अबोल माणूस. सर दर शनिवारी मीठसाखरेच्या पाण्याचा डबा घेऊन त्या कारखान्यात जात आणि टाकीवरच्या माणसांना पाजीत. मालक हसून चालवून घेई. रंगारी मात्र सरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावी. त्याने त्या आठ छटा बेताबेताने रंग वाढवीत इतक्या अचूक साधल्या होत्या, की सर म्हणत, ‘‘हा खरा सर. मी नळ्या धुणारा.’’

एक प्रसंग येथे सांगणे प्राप्त आहे, नाहीतर सर म्हणजे केवळ एक करमणूक होते असा समज होईल. मे महिन्यात मंगळवेढ्याकडची एक म्हातारी वारसनोंदीच्या अर्जासाठी माझ्याकडे बसली होती. बोलता बोलता तिचे शब्द जड झाले. भर उन्हात ती कापू लागली, कपाळावर गार घाम फुटला. मला वाटले, थंडीताप. कोणी म्हणाले, अंगात आले. सरांनी तिच्या पिशवीतून गोळ्यांचे पाकीट काढले, बघितले आणि ओरडले, ‘‘साखरंची गोळी खाल्लीय हिनं! आजी, भाकरी कवा खाल्ली?’’

‘‘काल सांच्याला,’’ म्हातारी पुटपुटली. ‘‘रांग सुटंल म्हणून...’’

‘‘गोळी सकाळी आन् भाकरी सांच्याला! रक्तातली साखर उतरलीय.’’ म्हातारीला अजून गिळता येते हे त्यांनी आधी एक घोट पाणी देऊन पाहिले. मग चहावाल्याकडून मूठभर साखर आणवून थोडी थोडी चारली. पाव तासात म्हातारीचे डोळे स्थिर झाले. मग तिला त्यांनी समोर बसून अर्धी भाकरी खायला लावली.

‘‘बाबा, तुमी डाक्टर हाव का?’’ तिने विचारले.

‘‘न्हाय. मी नळ्या धुवायचो.’’

‘‘मंग लई सोच्छ धुतल्या असत्याल,’’ म्हातारी म्हणाली. सर त्या दिवशी दिवसभर हसत होते.

आता मूळ हकिगत.

त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी तो रंगारी टाकीपाशी पडला आणि दिवस मावळण्यापूर्वी वारला. पंधरा दिवसांनी सर त्याच्या बायकोला घेऊन माझ्याकडे आले. मृत्यू कामामुळे आला असे मान्य व्हावे आणि भरपाई मिळावी, असा अर्ज करायचा होता. बाई भिंतीला टेकून बसली. रडून रडून कोरडी झालेली होती. सर स्टुलावर बसले नाहीत. उभे राहून सांगू लागले.

‘‘लिवा साहेब, क्रमानं. सकाळपासनं वाफेत उभा. घामानं चिंब. मग दुपारी घाम थांबला. कातडं कोरडं, तव्यावानी तापलेलं. मग असंबद्ध बोलाय लागला. मग पडला. हा क्रम मोडू नका. घाम थांबला हे लिवा. तितंच तोल गेला आतला.’’

‘‘सर,’’ मी म्हटले, ‘‘हा अर्ज आहे. प्रयोगवही नव्हे.’’

‘‘पण कारण तेच हाय की वो!’’

‘‘कारण मी योग्य शब्दांत घालतो.’’

त्या दिवशी माझ्यासमोर सात माणसे खोळंबली होती आणि माझे डोके उन्हाने ठणकत होते, असे मी म्हणू शकतो. परंतु ते खरे कारण नाही. खरे कारण असे, की ज्या विषयात मी दोनदा नापास झालो त्या विषयाचा शिपाई मला मजकूर सांगत होता. मी माझ्या पद्धतीने अर्ज लिहिला. माझ्या अर्जांत मेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक ठरलेले वाक्य आहे. म्हातारा असो, तरुण असो, विहिरीत पडलेला असो, ते वाक्य हातातून विचारापूर्वीच उतरते. तेच उतरले : ‘अर्जदाराचे पती अल्पशा आजाराने दिवंगत झाले.’

अर्ज वाचून दाखवताना त्या ओळीवरून मी भरभर गेलो.

‘‘घाम आला का त्यात?’’ सरांनी विचारले.

‘‘सगळे आले आहे,’’ मी म्हटले.

बाईने सही केली.

उत्तर तीन महिन्यांनी आले. बाई ते घेऊन माझ्याकडे आली तेव्हा सर नेहमीप्रमाणे बसलेले होते. पत्रात लिहिले होते, की अर्जदाराने स्वतःच पतीचा मृत्यू आजाराने झाल्याचे नमूद केले असल्याने तो कामामुळे झाला असे मानता येत नाही. सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे.

‘‘मामा,’’ बाई मला म्हणाली, ‘‘आजार कुटला हुता त्यांना? मला तर म्हाईत न्हवता.’’

मी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागलो.

‘‘दिरानं हे पत्र अत्तम्माला वाचून दावलं.’’ अत्तम्मा म्हणजे तिची सासू. ‘‘तवापासनं त्या माझ्या हातचं खाईनात. म्हंत्यात, पोरगा आजारी हुता हे तुला ठावं हुतं. कागदावर तूच लिवलंस. तरीबी कामाला धाडलंस. मामा, पैसं न्हाय मिळालं तर न्हाय. पण मी आजारी माणसाला धाडलं न्हवतं वो.’’

सरांनी पत्र माझ्या हातातून घेतले आणि एकेक अक्षर बोटाने चाचपत वाचले. मला वाटले, आता ते रस्त्यावर माझी लाज काढतील. ते फक्त म्हणाले, ‘‘साहेब, घाम लिवला न्हवता तुमी.’’ पत्राची घडी घालून त्यांनी बाईला दिली, तिला रिक्षापर्यंत सोडले आणि गेले. आठ दिवस स्टूल रिकामे होते. त्या आठ दिवसांत मला कळले, की शेजारी कोणी बडबडत नसले म्हणजे स्वतःच्या लेखणीचा आवाज किती मोठा येतो.

नवव्या दिवशी मी जुन्या गिरणीमागच्या त्यांच्या खोलीवर गेलो. खोलीत एक खाट, एक माठ आणि भिंतीला टांगलेला तापमापक. ते शेंगा सोलत होते. उठले नाहीत.

‘‘पुन्हा दाद मागता येते,’’ मी म्हटले. ‘‘त्यात मी लिहून देणार आहे, की ते वाक्य माझे. बाईचे नव्हे.’’

‘‘तुमचं गिऱ्हाईक तुटंल.’’

‘‘तुटू द्या. तुम्ही सांगा, मी लिहितो. जसे सांगाल तसे.’’

त्यांनी शेंगांचे ताट बाजूला सारले. पाणी प्यायले. आणि ते सांगू लागले तेव्हा मला प्रथमच समजले, की त्या शनिवारी ते तेथेच होते. मी कधी विचारलेच नव्हते. कारखान्यात कोणी पाहुणे यायचे होते म्हणून त्या दिवशी पहारेकऱ्याने त्यांना फाटकावर अडवले. फाटकातून टाकीवरची खिडकी दिसत होती. त्यांची कैफियत मी त्यांच्याच शब्दांत उतरवली. एकही शब्द सुधारला नाही. तिसरी ओळ अशी होती : ‘बारा वाजेपर्यंत तो खुणेनं पाणी मागत हुता, पण माल अर्धा सोडून टाकीवरनं हलता येत न्हवतं, एकनंतर त्यानं मागायचं थांबवलं, माझ्या हातात पाण्याचा डबा हुता व मी फाटकाभाईर हुतो.’

हे सांगताना सरांनी माझ्याकडे बघितले नाही. ‘‘वरडलो मी,’’ ते म्हणाले. ‘‘पण आत मशीनचा आवाज. शेवटी भिंतीवरनं गेलो. तवर घाम वाळला हुता.’’

साठी उलटलेला मनुष्य ती भिंत कशी चढला, हे मी विचारले नाही.

सुनावणी दिवाळीपूर्वी झाली. अधिकारी एक मॅडम होत्या. कमी बोलणाऱ्या, सर्व काही लिहून घेणाऱ्या. कैफियत बाईसमोर वाचली गेली. तिसऱ्या ओळीला तिने पदर तोंडाशी धरला. कारखान्याच्या बाजूने एक तरुण वकील होते. त्यांनी सरांना विचारले, ‘‘आपले शिक्षण?’’

‘‘आठवी.’’

‘‘आठवी शिकलेल्या माणसाला शरीराच्या आत काय बिघडले ते कळते?’’

‘‘आतलं न्हाय कळत. भाईरचा घाम कळतो. आता तुमच्या कपाळावर हाय. म्हंजे तुमचं आत बेस चाललंय.’’

वकील हसले, लिपिकही हसला. सर हसले नाहीत.

‘‘त्याच्या कपाळावर न्हवता,’’ ते म्हणाले. ‘‘टाकीच्या वाफंत, मे महिन्यात, न्हवता.’’

मॅडमनी लिहून घेतले. मग त्यांनी पहिला अर्ज उचलला आणि मला उभे केले.

‘‘‘अल्पशा आजाराने’ हे आपण घातले?’’

‘‘होय.’’

‘‘अर्जदाराने सांगितले होते?’’

‘‘नाही.’’

‘‘मग कशाच्या आधारे लिहिले?’’

मी पुष्कळ सुंदर वाक्ये तयार करून गेलो होतो. त्यातले एकही आठवले नाही. ‘‘सवयीने,’’ मी म्हटले.

त्यांनी तो एक शब्द लिहून घेतला. पंचवीस वर्षांच्या माझ्या लेखनाचे इतके थोडक्यात परीक्षण आजवर कोणी केलेले नव्हते. ही गोष्ट कचेरीभर पसरली आणि सरांनी म्हटल्याप्रमाणे गिऱ्हाईक काही दिवस खरोखरच तुटले. पुढे परत आले. लोकांनाही दुसरीकडे जाण्याचा कंटाळा असतो.

आदेश संक्रांतीच्या सुमारास निघाला. मयतास पूर्वीचा कोणताही आजार असल्याचे दिसून येत नाही. कामाच्या जागी झालेल्या अतिउष्णतेने मृत्यू आला, असे त्यात स्पष्ट होते. बाई आदेश घेऊन आली ती एकटी नव्हती. तिच्यासोबत एक वाळलेली, कपाळावर गोंदण असलेली वृद्धा होती. सुनेचा हात तिने धरलेला नव्हता. दोन हात अंतर राखून ती उभी राहिली. सरांनी उठून तिला स्टूल दिले.

‘‘मामा, ते आजाराचं तेवढं वाचा,’’ बाई म्हणाली.

मी वाचले. बाईने तेलुगूत सांगितले. वृद्धेने बोटाने पुन्हा अशी खूण केली. मी पुन्हा वाचले. असे तीनदा झाले. तिसऱ्यांदा वृद्धेने कागद स्वतःच्या हातात घेतला आणि जिथे मी बोट ठेवले होते तिथे अंगठा ठेवला. मग दुसऱ्या हाताने तिने सुनेचे मनगट धरले आणि तिला आपल्या शेजारी, खाली, जमिनीवर बसवून घेतले.

माझे काम तेथे संपले होते. तोच वृद्धेने मान वर केली आणि सरांना काहीतरी विचारले. सरांना तेलुगू दोनचार शब्दांपुरते येत असे. त्यांनी बाईकडे बघितले.

‘‘अत्तम्मा विचारत्यात,’’ बाई अडखळत म्हणाली, ‘‘सार, तुमी बघितलंसा म्हणून. त्या दिवशी त्यांना लई तहान लागली हुती का?’’

शरीराबाबत एखादा प्रश्न यावा आणि सरांनी उत्तराला वेळ लावावा, असे मी कधी पाहिले नव्हते. कचेरीतून कोणीतरी कोणाचे तरी नाव पुकारत होते. ते दोनदा पुकारले गेले.

‘‘न्हाय,’’ सर म्हणाले. ‘‘सांग त्यांना. तहान न्हवती लागली.’’

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती सासूकडे वळली आणि हळू आवाजात तेलुगूत काही बोलली. वृद्धेने दोनदा मान डोलावली आणि पदराने ओठ पुसले. मी खाली बघून आदेशाची घडी घातली आणि ती नीट बसेना म्हणून पुन्हा उलगडून पुन्हा घातली.